गैरहजर

दर बुधवारी आंब्याखाली,
उसिपा मासळी वाळत घातलेल्या माचांशेजारी
मी धडा घ्यायची. अकरा पोरं, आणि योतामु म्फांडे,
ज्याचं वय त्यालाही ठाऊक नव्हतं.
'बाप्तिस्मा म्हणजे काय?'
पोरं एका दमात: 'जुना माणूस बुडतो, नवा वर येतो.'
योतामु बोटांवरचे खवले नखानं काढत बसायचा.

एकदा म्हणाला, 'बाई,
या सरोवरात मी तीनदा बुडालोय.
म्वेरा वारा सुटला की होडीचं पोट आभाळाकडे होतं.
तिन्ही वेळा वर आला तो हाच माणूस,
कमरेला हाच सुरा.
मग पाण्यानं होतं काय?'

मी पुस्तक चाळलं. उत्तर होतं,
पण ते पोरांसाठी लिहिलेलं.
म्हटलं, पुढच्या बुधवारी बघू.

पुढच्या बुधवारी तो आला नाही.
त्याच्या पुढच्याही.
वहीत त्याच्या नावापुढे मी दोन फुल्या मारल्या.

तो गेला होता चिझुमुलु बेटावर,
बोटीत मक्याच्या पोत्यांवर बसून,
एका माणसाला एवढंच सांगायला:
नऊ वर्षांपूर्वी तुझं जाळं कापलं, ते मी.
त्या माणसानं इतकी वर्षं
आपल्या मेव्हण्याला चोर ठरवलं होतं,
आणि मेव्हणा तसाच, चोर म्हणूनच, मातीत गेला.
माफी मिळाली नाही.
'जाळं दे,' तो म्हणाला. 'मेव्हणा तर तुला देता येणार नाही.'

तेव्हापासून योतामु रात्री होडी काढत नाही.
कंदिलाशी बसून गाठी मारतो.
धडा पुन्हा विचारला की मोजणी चुकते म्हणून चिडतो.

ऑगस्टात पाद्री आले,
पांढरा झगा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन.
योतामु तिसऱ्याच प्रश्नाला अडला.
पाद्रींनी माझ्याकडे पाहिलं.
मी काही बोलणार, तोच तो म्हणाला,
'अजून सात हात विणायचंय.
माझं नाव पुढच्या साली धरा.'

पोरं एकेक करून पाण्यात गेली.
तो गुडघाभर पाण्यात उभा,
खांद्यावर त्यांचे कोरडे सदरे,
एकाचीही बाही भिजू न देता.

माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी एकवीस दिवसांची होते.
रडले नाही म्हणे. आई अजून कौतुकानं सांगते.

रात्री वही उघडली.
त्या दोन फुल्या खोडाव्यात म्हणून
खोडरबर शोधलं.
पोरांपैकी कुणीतरी नेलं असावं.