कच्ची वीट

लुघानो, ये आत. चपला राहू दे पायात,
फरशीच नाही अजून, तर मळणार काय?
छप्परही अर्ध्यावर थांबलंय, पत्रे संपले;
व्यासपीठावर ऊन, मागच्या बाकांवर सावली,
म्हणून या महिन्यात सगळी मंडळी मागं बसते.
पाळक म्हणतात, पुढं या की, तारण इकडंही आहे.

तीन रविवार तू आला नाहीस.
मी मोजत नव्हते. पण रिम वाजवते ना मी,
ती आंब्याला टांगलेली, जुन्या ट्रकच्या चाकाची,
तेव्हा तोंड सरोवराकडंच असतं माझं.
कुणाची होडी पाण्यात, कुणाची नाही, दिसतंच.
तुझी वाळूवर होती. पालथी.

काल झोंदिवे मासळी वाळत घालता घालता म्हणाली,
तू सांगितलंस म्हणे तिला:
प्रार्थनेला बसलो की आत काही हलतच नाही.
बाप्तिस्म्याच्या दिवशी पाण्यातून वर आलो
तेव्हा वाटलं, आता मी दुसराच कुणी,
आणि आठवडा सरायच्या आत
फाटक्या जाळ्यावरून भावाच्या अंगावर धावून गेलो,
अगदी पहिल्यासारखा.

बस जरा. मला उपदेश येत नाही,
हे ऐकून तुला बरंच वाटेल.
चौतीस वर्षं ही रिम वाजवते मी.
त्यातल्या किती पहाटे देव जवळ वाटला, विचारशील,
तर दोन हातांची बोटं पुरून उरतील.
एरवी खांदा ठणकत असायचा,
लेक तापानं फणफणलेली असायची,
चुलीवर लापशी लागायला आलेली.
आणि एक अख्खं वर्ष,
म्वेरा वाऱ्यात माझा माणूस गेला ते,
मी लोखंडावर लोखंड मारायचे आणि मनात म्हणायचे,
मी बोलावतेय कुणाला? आणि कुणाच्या घरी?

लोक तरीही आले.
माझ्या मनातलं त्यांना ऐकू जात नव्हतं,
रिम ऐकू जात होती.
आले, बाकावर मला खेटून बसले, गायले;
माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता
तर माझ्या वाटचंही तेच गायले.
उसन्या पिठावर घर चालवावं
तसं मी ते वर्ष त्यांच्या गाण्यावर काढलं.
ते पीठ फेडायचं राहिलंय अजून.
म्हणून तुला बोलावलं, असं समज.

भट्टी आठवते तुला? माती तुडवायला तूच होतास,
मांड्यांपर्यंत लाल.
तीन रात्री जागून जाळ घातला,
तरी बाहेरच्या थराला आच लागलीच नाही.
विटा उचलाव्यात तर कोपरे हातात यायचे.
तू विचारलंस, फेकू?
म्हातारा सेकेरानी बोळक्या तोंडानं हसला होता:
"फेकतोस काय, पोरा! बाजूला रच.
पुढच्या भट्टीत मधोमध घालू."

कुठं गेल्या त्या, ठाऊक आहे?
या खिडकीखाली आहेत. लाव हात.
नख वाजवून बघ.
एकदा भाजलेली कुठली, दोनदा भाजलेली कुठली,
मला तरी सांगता येत नाही,
आणि भिंतीनं कधी विचारलेलं नाही.

भावाशी मात्र बोल. ते माझ्याच्यानं होणार नाही,
आणि देवही ते तुझ्यावाचून करेलसं वाटत नाही.
जाळं घेऊन जा, शिवायच्या निमित्तानं.
गुरुवारी संध्याकाळी वाचनाला ये;
योहानाच्या दुसऱ्या पानावर सगळे अडलेत,
तुझ्यापेक्षा हळू वाचणारे चौघं आहेत.
शनिवारी पत्रे येतात. वर चढल्यावर
ज्याला भोवळ येत नाही असा माणूस हवाय.

आणि हा घे बोल्ट. उद्या रविवार,
माझा खांदा आज काही बरा दिसत नाही.
मनात काही असो, नसो,
वाजवायला त्याची गरज पडत नाही.
फक्त जोरात मार.
टेकडीपलीकडच्या न्याउहांगोला
ऐकू कमी येतं,
आणि वाट बघत ती अंधारातच उठून बसते.