खिळा

लिव्हरपूल. चायनाटाऊनच्या मागची गल्ली, तिसरा मजला.
मोय काकांच्या पायाची पट्टी बदलायला
मी दर मंगळवारी जाते.

ते म्हणतात, गावी कुळाच्या देवघरात एकच खिळा होता.
आज्याच्या वेळी त्यावर बादशहाचं फर्मान,
मग पदकांनी लगडलेला सेनापती,
मग गुलाबी गालांचे अध्यक्ष.
उतरवणारा, चढवणारा मात्र तोच,
बहिरा सुतार.

‘आणि मधल्या दिवसांत?’
‘मधे आई सूप अडकवायची.
तांदूळ असले, तर पाखडायची.’

एप्रिल लागला. पितरांची थडगी झाडायला
तिकडे आता कुणी नाही.
काकांनी इथल्याच जिन्यावरून केरसुणी फिरवली,
म्हणून तर जखम उघडली.

मी रागावते. गाठ मारते.
निघताना दिसतं: दाराशी खिळा,
त्यावर माझ्या पुढच्या भेटीची चिठ्ठी,
जरा तिरकी.