पुढे बोला

ठाण्याला आम्ही का राहायला आलो
हे मला फार उशिरा कळलं.
बाबांची नोकरी सांताक्रूझच्या टॉवरवर,
रात्रपाळी करून घरी पोचायला दोन तास.
गिरगावात जागा मिळत होती, आईचं माहेरही तिथलं.
तरी श्रीधर टिपणिसांनी नौपाड्यात तिसरा मजला घेतला,
गच्चीखालचा, मे महिन्यात तव्यासारखा तापणारा.

फेब्रुवारीतली रात्र. पाऊस नाही, धुकं नाही.
नागपूरहून निघालेलं मालवाहू डाकोटा,
तीन माणसं, शिलाई यंत्रांची खोकी
आणि कोंबडीची एक दिवसाची पिल्लं, सहाशे.
दोन वाजून अकरा मिनिटांनी रेडिओवर रेगे म्हणाला,
"ठाण्याची खाडी दिसते आहे."
बाबा म्हणाले, "पुढे बोला."
अर्थात इंग्रजीत. पण घरी ते मराठीतच सांगायचे.

पुढे कोणी बोललं नाही.

बोटींनी खाडीचा गाळ ढवळला.
पोलीस येऊरच्या डोंगरात चढले,
तिथे जान्या वरठा नावाच्या म्हाताऱ्याने जबानी दिली:
"आवाज आला. गेला नाही."
फौजदाराने ते लिहून घेतलं, मग खोडलं.
एक पत्रा मिळाला नाही, एक पंख नाही,
विमानाचा किंवा पिल्लाचा.

आठ वर्षांची असताना मी विचारलं होतं, आणि पिल्लं?
"त्यांना तीन दिवस काही लागत नाही," बाबा म्हणाले,
"पोटात अंड्यातला बलक उरलेला असतो."
म्हणजे ते तीन दिवस मोजत बसले होते.
चौथ्या दिवसापासून त्यांनी अंडं खाल्लं नाही;
आमच्या सीकेपी घरात हे आजारपण समजलं गेलं.

रेग्यांच्या आईने बारा वर्षं वाट पाहिली,
मग भटजींनी सांगितल्याप्रमाणे
पळसाच्या पानांचा मुलगा केला आणि जाळला.
बाबा गेले होते.
पानं ओली होती, धूर फार झाला,
एवढंच सांगितलं आणि आंघोळीला गेले.

कपाटात एक वही होती, कात्रणांची.
अटलांटिकवर हरवलेली पाच लढाऊ विमानं,
आणि त्यांना शोधायला गेलेलं, तेही न परतलेलं एक.
पॅसिफिकमध्ये बेट शोधत राहिलेली एक बाई.
ह्या पानांवर काही लिहिलेलं नाही.
पण धुक्यात, धावपट्टीवरच
एकमेकांवर आदळलेली दोन जंबो,
साडेपाचशेच्या वर माणसं,
तिथे पेन्सिलने बरोबरची खूण.
मला ते क्रूर वाटलं, मी बोललेही तसं.
"कुठे ते कळलं ना," म्हणाले.

मलेशियाचं विमान गेलं त्या मार्चमध्ये
ते ऐंशीच्या पुढचे होते, कान गेलेले.
टीव्हीसमोर अकरा दिवस बसले, आवाज बंद करून.
वैमानिक शेवटी शुभ रात्री म्हणाला हे वाचलं तेव्हा
पहिल्यांदा चहा मागितला.
"निरोप तरी घेतला."

गच्चीवर पाण्याच्या टाकीला साठचा बल्ब,
सूर्यास्त ते सूर्योदय, आमच्या मीटरवर.
ह्यावर सोसायटीच्या तीन सभा झाल्या.
कुळकर्णी मास्तर म्हणाले, चोरांसाठी असेल;
बाबांनी मान डोलावली, आणि ठराव पास झाला.

आता चहूबाजूंनी तीस-तीस मजले.
तो बल्ब वरून कोणाला दिसणार नाही,
कबुतरांनासुद्धा नाही.
खाडीच्या खालच्या अंगाला नवा विमानतळ झाला आहे;
संध्याकाळी एखादं विमान लांबवर वळताना दिसतं,
पोट पांढरं, दिवे लावलेले.
खाडी दिसत असेल त्यांना.
मी मुद्दाम बघत नाही. कपडे काढायला गेले की दिसतं.

इमारत पाडायची आहे. सगळ्यांच्या सह्या झाल्या.
बिल्डरच्या ऑफिसातून काल मुलीचा फोन आला,
मॅडम, तिसऱ्या मजल्याची तेवढी राहिली आहे,
असं म्हणून ती थांबली,
मागे पंखा फिरत असल्यासारखी खरखर.

मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.
म्हटलं, पुढे बोला.