परक्या मैदानावरचा गोल

बाबांच्या ट्रंकेत एक लांबडी खतावणी आहे,
लाल कापडी पाठीची, निपाणीच्या वखारीतून आणलेली.
अजून उघडली की तंबाखूनं शिंक येते.
पहिल्या पानावर जाड शाईत: युरोप.
आत एका क्लबाचे चौदा सामने.
चौदाच. एवढाच त्यांचा युरोप.

क्लब कुठल्याशा थंड बंदराचा.
त्याचं नाव भरमाण्णा कंग्राळकरांना,
म्हणजे माझ्या बाबांना, कधी धड म्हणता आलं नाही.
ते म्हणायचे, मासेवाले,
कारण रेडिओवरच्या माणसानं एकदा सांगितलं होतं
की त्यांचा गोलकीपर पहाटे मासळीचा लिलाव पुकारतो.

उद्यमबागेत फाउंड्री, रात्रपाळी.
भट्टी तापेस्तोवर शॉर्टवेव्हचा काटा
बसलिंग हुक्केरी फिरवायचा.
इंग्रजी दोघांनाही अर्धंच यायचं,
पण अर्धं वेगवेगळं:
बसलिंगाला आकडे कळत,
बाबांना आवाजाची चढण.
घरचा सामना बाबा लिहीत, बाहेरचा बसलिंग,
म्हणून डावं पान देवनागरी, उजवं कानडी,
आणि गोल दोन्हीकडे सारखेच,
काजळीच्या बोटाचे ठिपके.

एकोणऐंशी साल. घरी दोन-एक जिंकले.
पंधरा दिवस बाबा साच्यात वाळू ठोकताना
शीळ घालत होते म्हणे.
मग बाहेर, एक-शून्य, हरले.
"दोन-दोन! बरोबरी की रे!" बाबा उठले.
बसलिंग रेडिओला कान लावून बसलेला,
मग हळूच म्हणाला, "होत्ले."
गेलं. नियमच तसा होता:
त्यांनी आपल्या घरी येऊन एक मारला,
आपण त्यांच्याकडं जाऊन एकही नाही.
"परक्याच्या दारात हसलेलं जास्त धरतात, भरम्या."
"वजन ते वजनच न्हवं? दोन किलो लोखंड
कुठंबी ओत, दोनच किलो भरतंय."
भट्टीवरून हाक आली. वाद तिथंच राहिला.

त्याच आठवड्यात फाट्यावरच्या गावाच्या पाटीला
रात्रीत कुणीतरी डांबर फासलं.
कुठल्या अक्षरांना, ते बाबा आजही सांगत नाहीत.
सकाळी सायकलवर डबलसीट दोघं,
पुढं बाबा, मागं मांडीवर डबे घेऊन बसलिंग.
पाटी मागं पडल्यावर बसलिंगानं विचारलं,
"आपलं घरचं मैदान कुठलं रे?"
"गप बस. चढ हाय पुढं."

शेवटच्या सामन्याचं उजवं पान
बसलिंगाच्या हातचं नाही.
कानडी आकडेच आहेत, पण गिरवलेले,
सातापाशी हात अडखळलेला, खोडून पुन्हा काढलेला.
त्या वर्षी हुक्केरीला तेराव्याला
बाबा एकटे जाऊन आले होते.

परवा-परवापर्यंत मला वाटायचं, विषय संपला.
मग एकवीस सालच्या पावसाळ्यात
फोनवर बातमी वाचून दाखवली:
बाहेरच्या गोलाचा नियम युरोपनं काढून टाकला.
बाबांनी चष्मा मागितला. मग खतावणी.
"मग आमचं ते दोन-दोन?"
म्हटलं, आता असतं तर जादा वेळ दिला असता,
तीस मिनिटं.
त्यांनी पेन्सिल जिभेला लावली
आणि एकोणऐंशीच्या दोन्ही पानांच्या मधोमध,
शिवणीवर, लिहिलं:
३० मि. येणे बाकी.

त्या रात्री स्वयंपाकघरात दिवा दिसला.
खुर्चीवर बाबा, कानटोपी घातलेली,
पुढ्यात माझा फोन, उलटा धरलेला.
"हुक्केरीच्या पोराचा नंबर हाय काय तुझ्याकडं?"
"बाबा, एक वाजलाय."
"तवाच तर सुरू व्हायचा की."