खरवड

ओहोटीला बार्ज चिखलात बसली
की आमचं काम सुरू. पोटाखाली शिरायचं
पत्र्याची खरवडणी घेऊन.
परेरा मुकादम वरून ओरडतो : पाणी यायला चार तास.

तळाला पांढऱ्या नळ्या, खडूच्या,
एकमेकींत गुंतून वाळलेल्या शेवयांसारख्या.
प्रत्येकीत एक किडा. पाण्यात असला
की दारात तांबडा पिसारा उघडतो,
बोटाची सावली पडली की आत. वर झाकण.
पोरपणी थोडे दिवस पोहतो म्हणे,
मग कुठेतरी डोकं टेकतो
आणि अंगातलाच चुना काढून घर बांधतो.
ते घर कुठे चाललंय, त्याला कोण सांगणार?
ही बार्ज कांडल्याहून आली.
हे सगळे बसल्या जागी फिरून आले.

परवा शिवडीच्या खारफुटीतून घोरपड आली.
हातभर शेपूट, हातभर बाकीची.
चिखलावर पोट घासत, दुभंगलेल्या जिभेनं
हवा चाखत.
खेकडा उचलला, मान वर करून
दोन झटक्यांत गिळला,
आणि आमच्याकडे असं बघितलं
की लकडी बंदर तिच्या नावावर आहे.
दामू वेटे म्हणाला, तेल निघतं, गुडघ्याला बरं.
परेरा म्हणाला, तेलाआधी जेल.

दामूनं तरी पाना आपटलाच.
ती पळाली ती थेट बार्जच्या कुशीवर,
उभ्या लोखंडावर. मी सकाळीच
खरवडून गुळगुळीत केलेल्या बाजूला.
नखं सरकली. खर्र.
दोन रेघा ओढत खाली आली. पुन्हा चढली. पुन्हा खाली.
मग जरा पलीकडे, जिथं नळ्या अजून होत्या,
तिथून सरसर वर,
कठडा ओलांडून दिसेनाशी.

घोरपडीची पकड, घोरपडीची पकड,
शाळेपासून ऐकतोय.
पकडायला खाली काय होतं
ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

तिच्या वजनानं काही नळ्या फुटल्या होत्या.
आत सुतभर तांबडं, ओलं,
अजून हलत होतं.
मी खरवडणी धरून नुसताच उभा.
झोपलास काय रे, परेरा.

उरलेली बाजू अडीच तासांत संपवली.
झाडून भरली : सात घमेली.
रात्री जेवायला बसलो तर नखांत चुना.
बायको म्हणाली, पानाची गादी टाकलीत की काय?