दोर

नार्वेच्या धक्क्यावरून फेरी सुटते सातला दहा कमी असताना.
खांद्याला लसींचा निळा डबा, आत बर्फाच्या चार विटा.
आज दिवाडीत अकरा बाळं, त्यातलं एक महिनाभर उशिराचं.

ती भाषा मी शिकले एर्मेलिंदबाईंच्या पायाशी बसून,
अगदी खरोखर पायाशी.
साखरेनं काळं पडलेलं बोट
दिवसाआड पुसायचं, बांधायचं.
तोवर त्या मला बैराचे शब्द द्यायच्या,
नवरा तिथं रेल्वेत होता तेव्हाचे,
आणि चिमटा लागला की हसायच्या.
"अर्धे तर तुजेकडेच आसात गो."

होतेच.
तिकडच्या पत्र्याच्या दवाखान्यात
पहिल्या दिवशी जे हवं ते मला मागता आलं.
साबण: सबांव. बादली: बाल्द. चावी: शाव.
साबण नव्हता.
बादली एक होती, बाळंतपणाची आणि फरशीचीही.
चावी फेलिस्मिनाच्या गळ्यात, बुटाच्या नाडीत ओवलेली.

मी काही मोठं केलं नाही. आधीच सांगते,
कारण परतल्यावर पंचायतीनं शाल घातली.
तीन महिने मी हातमोजे धुतले,
वाळत घातले, एकेक बोट फुगवून
भोकं बघितली.
रात्री फेलिस्मिना मोबाईल दातात धरायची
आणि मी तेवढ्या उजेडात
लहानशा मनगटावर शीर शोधायची.
कधी सापडायची.

एक शब्द मात्र बाईंनी शिकवला नव्हता.
बायका यायच्या तीन तीन तास चालून,
आपसात त्यांच्या बोलीत बोलायच्या,
आणि माझ्यासाठी, परक्या बाईसाठी,
तेवढाच एक शब्द राखून ठेवलेला:
दोर.
मी खरंच इकडेतिकडे पाहिलं.
कसला दोर? कशाला हवा?
बैल सुटलाय का कुणाचा?
फेलिस्मिना हसून हसून वाकली,
मग माझं बोट धरून तिनं
त्या बाईच्या बरगडीखाली ठेवलं.
बाई आक्रसली.
दोर, म्हणाली.

शेवटच्या रात्री फेलिस्मिनानं नाडी काढून
माझ्या गळ्यात घातली. एक तास झोपते, म्हणाली.
पहाटे जीप लवकर आली.
ती झोपलीच होती. उठवावंसं वाटलं नाही,
याला तेव्हा मी माया समजले.

आदिस अबाबाच्या तपासणीत यंत्र ओरडलं
तेव्हा छातीवर हात गेला.

तिचा निरोप दोन दिवसांनी:
"कपाट फोडलं. काळजी नको. आत होतं तरी काय."
आत काय होतं ते मला माहीत होतं.
मलेरियाच्या इंजेक्शनच्या नऊ कुप्या,
मीच मोजलेल्या, वहीत माझंच अक्षर.
फोडायला किती वेळ लागला, मी विचारलं नाही.
त्या सकाळी कोण दारात होतं, तेही नाही.

परवा एर्मेलिंदबाईंनी विचारलं,
"बैराचो दर्या आसा मगो अजून?"
मी होते तिथून समुद्र दीड दिवस लांब.
आहे म्हटलं.
पट्टी बांधली, गाठ जरा घट्टच बसली.

पलीकडचा धक्का जवळ येतो.
मासेवाल्या टोपल्या उचलतात,
स्कूटरी एकदम सुरू होतात,
फेरीवरचा गुणो काठाकडे बघून ओरडतो,
"दोर! अरे, दोर!"

सगळे दोराकडे बघतात.
मी डबा सावरत
आधी माणसांचे चेहरे बघते.