शेरा

चिखल ओला होता. रजिस्टर काखेत धरून
मी तेरणेच्या कडेकडेनं फिरत होते.
पंचनामा छापील, रकाने ठरलेले :
दुधाळ जनावर. ओढकामाचं जनावर.
कोंबड्या, पण मेलेल्या दिसल्या तरच.
घर पक्कं, घर कच्चं, झोपडी,
पडझड किती टक्के.

गुणाबाई कुंभारणीची भिंत उभी होती.
आवा मात्र नदीनं बुडासकट नेला,
आणि पोळ्यासाठी केलेले मातीचे बैल,
तीनशे जोड्या, रंग द्यायचे राहिलेले.
मी रकाना शोधला.
बैल, खरे, पण ओढकामाचे नव्हेत.

पुढच्या गल्लीत शादुलभाईचा बँड
दोरीवर वाळत होता.
ढोलाचं कातडं फुगून भाकरीसारखं,
क्लॅरोनेटमधून पाणी, मग गाळ, मग एक मासोळी.
"ह्ये कशात बसवता, आक्का?"

"रकाना नाही" असं मी म्हणाले तेव्हा
दोघांनी माझ्याकडे पाहिलं,
जणू पूर माझ्याच दप्तरातून आला होता.

मग कागदाच्या उजव्या कडेला सापडला शेरा,
दोन बोटं रुंद.
तिथे मी लिहीत गेले. आवा, चाक, ढोल,
इस्त्रीवाल्याचे कोळसे आणि लोकांचे कपडे,
अक्षर मुंगीएवढं करत, ओळ कडेनं वळवत,
शेवटी पान उलटून पाठीवर.

तहसिलात संगणकानं शेरा घेतला नाही.
"मॅडम, पेटीच नाही ना," पोपळे म्हणाला,
"लिहिलं की लाल होतंय."
चौदा टक्के पडलेली भिंत
तो उभीच धरून पुढे गेला.

दिवाळी उलटल्यावर भांड्याकुंड्यांचे पैसे आले
आणि मशीनला गुणाबाईचा अंगठा ओळखू येईना.
चाळीस वर्षं चाकावर माती उचलून
रेघा कधीच मडक्यांवर गेलेल्या.
ओटीपी जायचा तो फोन तेरणेत.
"मंग नदीला गेला आसंल वं," ती म्हणाली
आणि हसली. मला जमलं नाही.

आढावा बैठकीत साहेबांनी विचारलं, काही सूचना?
सगळे चहाच्या कपात बघत होते.
मी उभी राहिले. म्हटलं, एक रकाना हवा :
'ज्यावर पोट होतं ते.'
"त्याची टक्केवारी कशी काढायची?"
"विचारून," मी म्हटलं.
बराच वेळ नुसता पंखा बोलत होता.

वैशाखात नवा नमुना आला.
एक रकाना वाढलाय. 'इतर'.
बोट लावून मोजला. अडीच बोटं.

आभाळाकडे बघायला अजून महिना आहे.
मी बारीक टोकाची चार पेनं
घेऊन ठेवली आहेत.